‘शुभयोग’चा डबा वेग धरतो

नाकापर्यंतचा फोटो पाहून मुलीला होकार दिल्याचं पुण्यात दुसरं उदाहरण नसावं. ते घडलं ‘शुभयोग वधूवर सूचक मंडळा’च्या गेल्या मेळाव्यात. मंगल कार्यालयात मोठा पडदा लावला होता आणि पडद्यावर मुलीचा फोटो वरून खाली उघडत होता. आधी केस आले, मग कपाळ, मग भुवया. नाकाशी येऊन फोटो जो थांबला तो थांबलाच. मुलाच्या आईने बराच वेळ वाट पाहिली, पर्समधली आवळासुपारी संपवली आणि शेवटी उठून म्हणाली, “नाक सरळ आहे. पुढचं आम्ही समक्ष बघू.”

बाकीची मंडळी एवढी धीराची नव्हती. ती जेवायला म्हणून गेली ती परत आलीच नाही.

पडद्याशेजारी माउस हातात धरून मंडळाचे मानद सचिव माधव खांबेटे उभे होते. माधवराव एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या टेबलापुढे वाट पाहिली होती. आपण लोकांसमोर वाट पाहत उभं राहायचं, हा अनुभव त्यांना नवीन होता आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

त्यानंतरच्या सभेत अध्यक्ष ढमढेरे यांनी जाहीर करून टाकलं, “पुढच्या मेळाव्यातही असंच झालं तर मंडळ बंद. सगळी स्थळं त्या मोबाइल ॲपवाल्या कंपनीला देऊन मोकळं होऊ. ते कधीचे मागे लागलेत.” कसबा पेठेतल्या निम्म्या संसारांचं मूळ या मंडळात होतं. खुद्द माधवरावांना नीरजाबाई मिळाल्या त्या इथेच. त्यामुळे माधवराव ताडकन उठले आणि म्हणाले, “कंपनीला द्यायची गरज नाही. मी करून दाखवतो!” टाळ्या पडल्या. माधवराव खाली बसले आणि आपण नेमकं काय करून दाखवायचं आहे याचा विचार करू लागले.

अडचण डब्यात होती. मंडळाच्या कचेरीत कपाटावर एक काळा डबा होता. सगळ्यांचे फोटो, पत्रिका, माहिती आणि व्हिडिओ त्यात साठवलेले. खालचे चार संगणक वायरींनी त्याला जोडलेले. एका वेळी एकच माणूस बघत असला की डबा कुरकुरत का होईना चाले. चौघे बसले की त्याची मती गुंग होई.

बातमी खांबेट्यांच्या इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी डब्याला उष्णता झाल्याचं निदान केलं. समोरच्या बिऱ्हाडाचं म्हणणं पडलं की सगळं पुसून पहिल्यापासून भरा, त्यांच्या साडूंनी तसंच केलं होतं. साडूंचं पुढे काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी डब्याचं तोंड दक्षिणेला असल्याचं निदर्शनास आणलं. माधवरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी कोणी बघत नाहीसं पाहून डबा पूर्वेला वळवला, एवढंच.

मुद्द्याचं बोलली ती पहिल्या मजल्यावरची शेफाली. ती खराडीला एका कंपनीत होती आणि तिचं कामच माहिती साठवण्याचं होतं.

“काका, तुमचा नॅस स्लो आहे,” ती म्हणाली.

“माझा काय?”

“नॅस. तो डबा हो. त्याच्या आत चकत्या गरगर फिरतात आणि एक काटा त्यावरून वाचत पळतो. चौघांनी एकदम मागितलं की काटा इकडून तिकडे धावत सुटतो. बिचारा दमतो.”

माधवरावांना हे तात्काळ पटलं. त्यांच्या कार्यालयात एकच शिपाई होता आणि चार टेबलांवरून त्याला एकदम हाका जात. “मग उपाय?”

“मेमरीची डिस्क टाका, एसएसडी. तिच्यात काही फिरतच नाही. सगळं नुसतं लक्षात ठेवते. ती डब्यात बसवली की जे वारंवार मागितलं जातं ते ती स्वतःजवळ ठेवून घेते आणि मागितल्याबरोबर काढून देते. चकत्यांपर्यंत जायलाच नको.”

“म्हणजे आमच्या नीरजासारखं,” माधवराव म्हणाले. “काही फिरवावं लागत नाही. मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत काय बोललो ते अजून जागच्या जागी आहे.”

“आणि हे चकतीसारखे,” स्वयंपाकघरातून नीरजाबाईंचा आवाज आला. “घरघर दिवसभर. हाताला काही लागेल तर शपथ.”

कार्यकारिणीत ठराव मांडला गेला. ढमढेऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “नॅस म्हणता? नावातच नास आहे, खांबेटे.” खजिनदारांना वेगळीच काळजी. नुसत्या आठवणीवर चालणारी वस्तू म्हातारपणी विसरू लागली तर? एखाद्याचा फोटो आणि दुसऱ्याची पत्रिका असं झालं तर? माधवरावांनी ‘तसं होत नाही’ असं ठामपणे सांगितलं. ठामपणा हा त्यांच्या अधीक्षकपदाचा भाग होता. त्याला माहितीची गरज लागत नसे. अखेर तीन दुकानांतून दर मागवण्याच्या अटीवर ठराव संमत झाला. दोन दुकानांनी कागदावर दर लिहून दिले. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, “आपण घेणार आहात की नुसते विचारणार आहात?”

“तूर्त विचारणार आहे. मंडळाचा नियम आहे.”

“आमचाही आहे. दर पाटीवर लिहिलेत. पाटी बाहेर आहे. आपणही बाहेर जाऊन वाचा.”

माधवरावांनी बाहेर जाऊन वाचले. दर याच्याचकडे सगळ्यांत कमी होते. अपमान गिळून ते पुन्हा आत गेले आणि डिस्क घेऊन आले. ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी होती. मंडळाच्या डब्यातली जागा पत्त्यांच्या कॅटाएवढी. पट्टी आत टाकली की खुळखुळा वाजे.

माधवराव परत दुकानात. गल्ल्यामागे पाटी होती: ‘विकलेला माल परत घेतला जात नाही. बदलून मिळत नाही. त्याविषयी चर्चाही होत नाही.’

“ही आमच्या डब्यात बसत नाही,” माधवराव पाटीकडे न बघता म्हणाले.

“डबा उघडून मोजमाप बघितलं होतं?”

“नाही.”

“आपण वधूवर मंडळाचे ना? तिथे तरी दोन्ही बाजू बघता की असंच?” दुकानदाराने एवढं बोलून घेतलं आणि मग मुकाट्याने खणातून एक चौकट काढली. पट्टी चौकटीत बसली, चौकट डब्यात बसली. माधवरावांच्या मनात मात्र तो प्रश्न बरेच दिवस बसून राहिला.

शुभमुहूर्तावर ढमढेऱ्यांच्या हस्ते नारळ फुटला, चारही संगणक सुरू झाले आणि सगळे श्वास रोखून बघू लागले. केस आले. कपाळ आलं. भुवया आल्या. नाकाशी फोटो थांबला.

“प्रगती आहे,” ढमढेरे म्हणाले. “गेल्या वेळी डावी नाकपुडी दिसली नव्हती.”

माधवराव त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे भात घेतला, पोळी घेतली नाही. शनिवारी शेफाली स्वतः कचेरीत आली. तिने वायरींचा माग काढला आणि कपाटामागे हात घालून एक धुळकट पेटी दाखवली. चारही संगणकांच्या वायरी याच पेटीतून डब्याकडे जात होत्या.

“काका, ही फार जुनी आहे. तुम्ही द्रुतगती मार्ग बांधलात आणि तो आणून बोहरी आळीच्या गर्दीत सोडलात. ही बदला.”

माधवरावांनी पेटीवरची धूळ पुसली. पेटीवर पितळी पाटी होती: ‘कै. बळवंतराव ढमढेरे यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.’ अध्यक्षांचे तीर्थरूप!

यानंतर माधवराव तीनदा ढमढेऱ्यांच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा ‘सहज आलो होतो’ असं म्हणून परतले. चौथ्या वेळी नीरजाबाई बरोबर निघाल्या. “तुम्ही एकटे सहजच जात राहाल,” त्या म्हणाल्या.

ढमढेऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज खाली आला. “म्हणजे एवढी वर्षं लग्नं अडली ती आमच्या वडिलांमुळे?”

“वडिलांमुळे नाही हो,” माधवराव घाईघाईने म्हणाले, “वडिलांच्या स्मरणार्थ...”

भिंतीवरच्या तसबिरीतून बळवंतरावही माधवरावांकडेच बघत होते. तेव्हा नीरजाबाई पुढे सरसावल्या. “भाऊ, देवळाचा जीर्णोद्धार करतात तेव्हा मूर्ती हलवतातच ना? काम झालं की परत गाभाऱ्यात बसवतात. पाटी आपण नव्या पेटीवर बसवू. देणगी तीच, पुण्य तेच. नुसता गाभारा नवा.”

ढमढेऱ्यांनी उपरण्याने डोळे टिपले. “स्क्रू तेच वापरा,” ते म्हणाले.

स्क्रू तेच वापरले. नवी पेटी इतकी छोटी होती की पितळी पाटीने ती पार झाकून टाकली. पेटीला पाटी लावली म्हणण्यापेक्षा पाटीला पेटी टांगली म्हणणं खरं. पण संगणक सुरू केले आणि चमत्कार झाला. पहिल्यांदा मागितलेला फोटो थोडा रेंगाळे. पण एकदा का तो डिस्कच्या लक्षात राहिला की बोट उचलायच्या आत हनुवटीसकट समोर! माधवराव दिवसभर कोणाला ना कोणाला बोलावून दाखवत होते. पोस्टमनने दोन मुली पाहिल्या. तो विवाहित होता.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग एके दिवशी जयसिंगराव हरगुडे आले. हे वाघोलीकडचे. गाव महापालिकेत गेलं, शेताच्या इमारती झाल्या, जयसिंगराव मात्र होते तसेच राहिले. त्यांच्या मुलीचं, वैष्णवीचं स्थळ मंडळात होतं.

“सायेब,” ते खुर्चीत बसत म्हणाले, “त्यो अमेरिकेचा पोरगा टिचकीत उघडतोय. कोथरूडची डाक्टरीण टिचकीत उघडतीय. आमची वैष्णवी का रखडतीय?”

माधवरावांनी खरं सांगितलं. त्यांची चूक झाली ती इथेच. “काही भेदभाव नाही हो. ज्यांना जास्त विचारलं जातं ते डिस्क जवळ ठेवते. ज्यांना कमी विचारलं जातं ते मागे, चकतीवर राहतात.”

जयसिंगरावांनी हे नीट समजून घेतलं, ‘बरं’ म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून हरगुड्यांची सगळी भावकी उतरली. चारही संगणकांवर पाळ्या लावून माणसं बसली. “दाबा रं!” जयसिंगरावांनी हुकूम सोडला. संध्याकाळपर्यंत वैष्णवीइतकं वेगाने उघडणारं स्थळ अख्ख्या पुण्यात नव्हतं.

हे बाकीच्या पालकांना कळायला कितीसा वेळ लागणार? एक निवृत्त गृहस्थ आपल्या मुलासाठी बागेतला अख्खा हास्यक्लब घेऊन आले. क्लबने हसत हसत मुलाला पुढे आणलं. कोथरूडच्या डॉक्टरणीच्या मावशीने भिशीच्या बायका आणल्या. इवल्याशा राखीव जागेत एकाचं स्थळ आत आलं की दुसऱ्याचं बाहेर पडे. बाहेर पडलेल्याचे नातेवाईक मग आणखी माणसं आणत. अमेरिकेचा मुलगा पार मागे पडला. त्याचे नातेवाईक अमेरिकेत होते. दारात चपलांचा ढीग, आत बाचाबाची, आणि लग्न जमवायचं कोणाच्या ध्यानातही नाही. ढमढेऱ्यांनी ‘सदर प्रकाराबाबत तात्काळ खुलासा करावा’ असं पत्र माधवरावांना पाठवलं. असली पत्रं माधवरावांनी जन्मभर इतरांना लिहिली होती. ती वाचताना आपले कान गरम होतात हे त्यांना त्या दिवशी समजलं.

ते तरातरा जयसिंगरावांकडे गेले. “हा सगळा गोंधळ तुमच्यामुळे झाला, हरगुडे!”

जयसिंगराव चिडले नाहीत. बारीक आवाजात म्हणाले, “सायेब, पोरगी एम. फार्म हाय. गुणाची हाय. पण गावची म्हून आधीच कुणी इचारत न्हाई. आता मशीन म्हनतंय, जिला कुणी इचारत न्हाई तिला मागं ठेवा. मग तिला इचारायचं कुणी आन् कवा?”

खुलासा मागायला आलेला माणूस स्वतःच खुलासा शोधू लागला. घरी जाताना ते वाटेत दोनदा थांबले, आणि शेवटी शेफालीच्या दारात उभे राहिले.

“शेफाली, जास्त विचारलेले आणि कमी विचारलेले हा प्रकारच नको. सगळेच्या सगळे त्या डिस्कवर कायमचे ठेवता येतील का?”

शेफालीने हिशेब केला. “फोटो, पत्रिका, माहिती, सगळ्यांची आरामात मावेल. आत्ता जागा खातात ते व्हिडिओच, ते नाही मावणार. ते चकत्यांवरच ठेवावे लागतील.”

“राहू देत तिकडे. त्यात सगळी मुलं ‘मला वाचनाची आवड आहे’ एवढंच सांगतात.”

“आणि काका, सगळ्याची एक प्रत घरी काढून ठेवा.”

माधवरावांनी रजा टाकली आणि स्वतः बसून एकूण एक स्थळ डिस्कवर हलवलं. शेफालीने खराडीहून फोनवर मार्ग दाखवला. डॉक्टरीण आणि वैष्णवी, अमेरिका आणि वाघोली, सगळे एकाच रांगेत आले. त्या दिवसापासून कोणाचंही स्थळ उघडा, वेग एकच. भावकी घरी गेली, हास्यक्लब बागेत परतला.

आणि मेळाव्याचा दिवस उजाडला.

मंगल कार्यालय होतं स्वारगेटच्या पलीकडे. चारही संगणक आणि नवी पेटी सकाळीच टेम्पोतून पुढे गेली होती. माधवरावांनी डबा नीरजाबाईंच्या शालीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. “दादा, सावकाश,” ते दर चौकात सांगत होते. रिक्षावाला म्हणाला, “काका, बाळंतीण बसलीय का?” स्वारगेटजवळ एका बसला चुकवताना रिक्षा खड्ड्यात गेली. माधवराव उडाले, डबा उडाला, दोघे परत खाली आले. डब्यातून बारीकसा ‘कट्’ असा आवाज झाला. माधवरावांनी तो ऐकला आणि ऐकला नाही असं ठरवलं.

हॉल गच्च भरला होता. गेल्या वर्षीचा तमाशा पुन्हा बघायला मिळेल या आशेने आलेलेही पुष्कळ होते. पहिल्या रांगेत ॲपवाल्या कंपनीचा प्रतिनिधी टाय लावून बसला होता आणि ढमढेऱ्यांकडे बघून गोड हसत होता. माधवरावांनी डब्याचं बटण दाबलं.

खर्रर्र. टक. टक. टक. खर्रर्र.

तांबडा दिवा लागला. ढमढेऱ्यांचा चेहरा उतरला. “खांबेटे, हे काय?”

मदतीला आलेल्या शेफालीने वाकून पाहिलं. “काका, चकत्या गेल्या. धक्का सोसला नाही त्यांना.”

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. टायवाला खुर्चीतून अर्धा उठला. माधवराव मनातल्या मनात हिशेब करू लागले. प्रत घरी कपाटात राहिली, मंडळ गेलं, अब्रू गेली, आता महाविद्यालयातही लोक नाकाला हात लावून हसणार! तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चकत्या गेल्या, पण स्थळं चकत्यांवर होतीच कुठे?

“शेफाली, त्या मेमरीच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं ना?”

“काहीच नाही.”

“म्हणजे खड्ड्यात मोडणारंही काही नाही!” माधवरावांनी माउस धरला आणि टिचकी मारली.

पडद्यावर एक मुलगी उभी राहिली. पूर्ण. केसांपासून पावलांपर्यंत, मागच्या बागेसकट. माधवरावांनी पुढची टिचकी मारली. मुलगा. पुढची. पत्रिका, मंगळासकट. हॉलमधून ‘अरे वा!’ असा एकच आवाज उठला आणि लोक खुर्च्या सोडून संगणकांकडे धावले. टायवाला उठला होता, त्याची खुर्ची कोणीतरी ओढून नेली. व्हिडिओ दिसत नाहीत अशी तक्रार दिवसभरात एकानेही केली नाही.

मथुराबाई नावाच्या एक आजीबाई नातवासाठी, रविराजसाठी आल्या होत्या. पूर्वी वाट पाहून पाहून त्या दोन-चार स्थळं बघत आणि कंटाळून उठत. आज त्या संगणकासमोर मांडी ठोकून बसल्या. “ही नको. पुढं. ही चालेल, ठेव बाजूला. पुढं. पुढं. थांब!” पडद्यावर वैष्णवी होती. आजींनी चष्मा सारखा केला, शिक्षण वाचलं, पत्रिका वाचली. “ही गेल्या वर्षी कुठं होती?”

“इथंच होती, आजी,” माधवराव म्हणाले. “उघडत नव्हती.”

आजींनी मान वर न करता नातवाला हाक मारली. रविराज आला, वैष्णवी आली, आणि दोघं खिडकीशी उभं राहून काहीतरी बोलू लागली. बोलता बोलता वैष्णवी मोठ्याने हसली. लांबून जयसिंगराव बघत होते. एवढा धिप्पाड गडी, पण हातातल्या वाटीतला मठ्ठा सांडला तरी त्यांना भान नव्हतं.

चारच्या सुमारास ढमढेरे भाषणाला उभे राहिले. “आमच्या तीर्थरूपांच्या पेटीमुळे आणि माझ्या दूरदृष्टीमुळे...” असं सुरू झालं. माधवराव शेवटच्या रांगेत बसून छताकडे पाहू लागले. खांबेटे हा शब्द भाषणात येण्याची चिन्हं नव्हती.

“आवं अध्यक्ष!” मागून जयसिंगरावांचा आवाज कडाडला. “ज्यानं केलं त्येला बोलवा की वर!”

टाळ्या झाल्या. ढमढेऱ्यांनी बरं तोंड करून माइक पुढे केला. माधवराव सदरा सारखा करत मंचावर गेले. भाषण त्यांनी आठवडाभर घोकलं होतं; त्यात संस्कृत सुभाषितही होतं. “बंधुभगिनींनो,” त्यांनी सुरुवात केली, “माहिती ही गंगेसारखी असते...”

कोणी बघत नव्हतं. टाळ्या वाजवून लोक परत वळले होते. चारही संगणकांभोवती माणसांची झुंबड उडाली होती. “ही बघा, ही बघा”, “मागे घ्या जरा”, “पत्रिका उघडा हो”, “उघडलीसुद्धा!” आयांच्या खांद्यांवरून बाप, बापांच्या खांद्यांवरून मामा डोकावत होते. मंचाकडे अख्ख्या हॉलची पाठ होती.

पहिल्या रांगेत फक्त नीरजाबाई बसल्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, कोणी ऐकत नाहीये.”

“बघतोय,” माधवराव म्हणाले. असं सुंदर दृश्य त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुभाषित तसंच ओठांवर ठेवून त्यांनी माइक बंद केला, मंचावरून खाली उतरले आणि गर्दीत शिरून कोणालातरी म्हणाले, “सरका जरा, मलाही दिसू द्या.”